निरोप पोहोचतो कसा? मज्जातंतू, स्नायू आणि फवारणीचे विष

बैलाच्या पाठीवर माशी बसली की तेवढ्याच जागेची कातडी थरथरते आणि माशी उडते. बैल मान वळवीत नाही, रवंथही थांबवीत नाही. माशी बसल्याची वर्दी कातडीतून आत गेली, आतून हुकूम सुटला आणि कातडीखालच्या पातळ स्नायूने तो पाळला. हे सारे पापणी लवते न लवते तोच. आपण वैरणीची पेंढी उचलतो, धार काढतो, घास चावतो, श्वास घेतो, त्या प्रत्येक वेळी आपल्याही शरीरात हेच घडत असते.

ही गोष्ट शेतकऱ्याच्या घरात प्रत्येकाला ठाऊक असली पाहिजे. हे नुसते शाळेच्या पुस्तकातले शास्त्र नव्हे. कपाशीवर, तुरीवर आणि भाजीपाल्यावर मारली जाणारी कित्येक औषधे माणसाच्या शरीरात नेमक्या याच जागी घाला घालतात. नाग आणि मण्यार यांचे विषही येथेच काम करते. व्याल्यावर दुभती गाय एकाएकी बसते आणि उठत नाही, तिच्याही दुखण्याचा संबंध येथेच येतो. निरोप कसा जातो हे एकदा समजून घेतले की अशा प्रसंगी काय करावे हे घोकावे लागत नाही. ते आपोआप उमजते.

मज्जातंतूची तार

मेंदूपासून निघालेला एक जाड दोर पाठीच्या कण्यातून खाली उतरतो. त्याला मज्जारज्जू म्हणतात. त्यातून बारीक बारीक फांद्या फुटून शरीरभर पसरतात. हे मज्जातंतू. काही तंतू बाहेरची वर्दी आत नेतात, तर काही आतला हुकूम स्नायूंपर्यंत पोहोचवितात. पायाच्या बोटापर्यंत जाणारा तंतू कण्यातून निघतो तो थेट खालपर्यंत, म्हणजे एक तंतू एक मीटरपर्यंत लांब असतो, आणि जाडीला मात्र केसाहून कितीतरी बारीक.

जुन्या काळी युरोपातले विद्वान समजत, की हे तंतू नळीसारखे पोकळ असून त्यांतून कसलासा सूक्ष्म प्राणरस वाहतो. इटलीतील बोलोन्या शहरात लुईजी गॅल्व्हानी नावाचे शरीरशास्त्रज्ञ होते. १७८०च्या सुमारास त्यांच्या प्रयोगशाळेत, जवळच्या यंत्रातून विजेची ठिणगी उडत असताना मेलेल्या बेडकाच्या मज्जातंतूला सुरीचे टोक लागले आणि बेडकाचा पाय झटक्याने उडाला. या प्रयोगांचा वृत्तांत त्यांनी १७९१ साली छापला. मज्जातंतूतून जाणाऱ्या निरोपाचा विजेशी संबंध आहे, हे तेव्हापासून लोकांच्या ध्यानात आले.

पण ही वीज आपल्या पंपाच्या तारेतल्या विजेसारखी धावत नाही. मज्जातंतूच्या बाहेर सोडियम जास्त असतो, म्हणजे आपल्या मिठातलाच तो क्षार. आत पोटॅशियम जास्त असतो. आपण खतातून पिकाला पालाश देतो, तेच हे. तंतूच्या आवरणाला अतिसूक्ष्म दारे असतात. निरोप निघाला की पहिली दारे उघडून सोडियम आत घुसतो, त्या धक्क्याने शेजारची दारे उघडतात, मग त्यापुढची. बांधावरच्या वाळल्या गवताला एका टोकाला काडी लावली की जाळ जसा पुढे पुढे सरकत जातो, तसा हा निरोप सरकतो. फरक इतकाच, की येथले गवत क्षणात पुन्हा पूर्ववत होते आणि पुढचा निरोप न्यायला तयार राहते. माणसाच्या हातापायातील तंतूंत हा वेग सेकंदाला ५० ते ६० मीटरपर्यंत असतो. कण्यापासून पावलापर्यंत हुकूम जायला सेकंदाचा पन्नासावा भाग पुरतो.

शेवटची फट आणि नावाडी

आता खरी मौज पुढे आहे. मज्जातंतू स्नायूला चिकटलेला नसतो. दोघांमध्ये एक फट असते. एका मिलिमीटरचे वीस हजार भाग करावेत, त्यातल्या एका भागाएवढी ती रुंद. पण फट ती फटच. विजेचा निरोप काठापर्यंत येतो आणि तेथे थांबतो.

अशी जागा असली पाहिजे याचा सुगावा फ्रान्सचे क्लॉड बर्नार यांना १८५०च्या दशकात लागला. दक्षिण अमेरिकेतील आदिवासी शिकारीसाठी बाणांना क्युरारे नावाचे वनस्पतिविष लावीत. ते लागले की जनावर लुळे पडे. बर्नार यांनी ते बेडकांवर वापरून पाहिले. मज्जातंतूला धक्का दिला तर स्नायू हलेना, पण स्नायूलाच धक्का दिला तर तो लगेच आखडे. म्हणजे स्नायू शाबूत होता. दोष या दोघांच्या भेटीच्या जागी होता.

मग फट ओलांडून निरोप नेतो कोण? ऑस्ट्रियातील ग्राझ येथे १९२१ साली ऑटो लोवी यांनी बेडकाची दोन हृदये घेतली. एका हृदयाच्या मज्जातंतूला विजेचा धक्का देऊन त्याची गती मंद केली आणि त्याच्या भोवतीचे पाणी दुसऱ्या हृदयाला दिले. दुसऱ्या हृदयाला कोणी हातही लावला नव्हता, तरी तेही मंद झाले. मज्जातंतूच्या टोकातून काहीतरी रसायन पाण्यात उतरते, हे त्यातून सिद्ध झाले. इंग्लंडचे हेन्री डेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे दाखवून दिले, की हातापायाच्या स्नायूंनाही हुकूम देणारे रसायन तेच आहे. त्याचे नाव ॲसिटिलकोलिन. लोवी व डेल यांना १९३६ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

नाव अवघड आहे, म्हणून आपण त्याला नावाडी म्हणू. नदीकाठापर्यंत जासूद धावत येतो. पलीकडे चिठ्ठी न्यायला मात्र नावच लागते, तसे हे आहे. मज्जातंतूच्या टोकाशी हे रसायन अगदी चिमुकल्या पिशव्यांत भरून ठेवलेले असते. विजेचा निरोप टोकाला आला की बाहेरचे कॅल्शियम आत शिरते आणि त्याबरोबर काही पिशव्या काठाशी येऊन फुटतात. एकेका पिशवीत रसायनाचे हजारो कण असतात. ते फट ओलांडून स्नायूच्या पृष्ठभागावरच्या कुलपांत किल्लीसारखे बसतात. कुलूप उघडले की सोडियम स्नायूत शिरतो आणि निरोपाची लाट आता स्नायूवर पसरते. काठावरून पलीकडे जायला सेकंदाचा हजारावा भागही पुरे होतो.

कॅल्शियमचे नाव येथे लक्षात ठेवावे. पुढे गाईच्या गोष्टीत ते पुन्हा येणार आहे.

स्नायू आखडतो म्हणजे काय होते?

स्नायू म्हणजे बारीक तंतूंची जुडी. प्रत्येक तंतूत दोन जातींचे धागे एकाआड एक रचलेले असतात. जाड धागा मायोसिनचा, बारीक धागा ॲक्टिनचा. स्नायू आखूड होतो तेव्हा हे धागे आखूड होत नाहीत. ते एकमेकांत सरकतात. १९५४ साली हक्स्ले आडनावाच्या, पण एकमेकांशी नाते नसलेल्या दोन शास्त्रज्ञांनी आपापल्या सहकाऱ्यांबरोबर स्वतंत्रपणे ही गोष्ट जगापुढे मांडली.

विहिरीतून पोहरा कसा वर काढतो ते आठवा. एक हात दोर धरून खेचतो, तो सोडून पुढे धरतो, पुन्हा खेचतो. जाड धाग्याला असेच असंख्य हात असतात आणि ते बारीक धाग्याला धरून खेचत राहतात. मात्र एरवी बारीक धाग्यावर जणू झाकण असते, त्यामुळे पकड बसत नाही. निरोपाची लाट आली की स्नायूच्या आतल्या कोठारातून कॅल्शियम बाहेर पडते, झाकण सरते आणि खेचाखेच सुरू होते. निरोप थांबला की कॅल्शियम पुन्हा कोठारात भरले जाते आणि स्नायू सैल पडतो.

खेचायला शक्ती लागते, तशी पकड सोडायलाही लागते. ही शक्ती आपल्या भाकरीतून तयार होते आणि एटीपी नावाच्या रसायनाच्या रूपाने स्नायूत खेळते असते. मेलेले जनावर काही तासांनी ताठ होते ते यामुळेच. शक्ती संपलेली असते आणि धाग्यांची पकड सुटत नाही.

काम झाले की झाडलोट

नावाडी पलीकडे पोहोचला, चिठ्ठी दिली, पण तो तेथेच बसून राहिला तर? कुलूप उघडेच राहील आणि पुढची चिठ्ठी घ्यायला जागा उरणार नाही. म्हणून निसर्गाने फटीतच झाडूवाला ठेवला आहे. त्याचे नाव कोलिनेस्टरेज. हा एक विकर, म्हणजे एन्झाइम आहे. नावाड्याने काम केले न केले तोच हा त्याचे दोन तुकडे करतो आणि जागा मोकळी करतो. तुकड्यांतला उपयोगी भाग मज्जातंतू परत उचलून घेतो आणि त्यापासून नवा नावाडी घडवितो. ही झाडलोट इतकी चपळ असते, की एका सेकंदात अनेक वेळा हुकूम येऊ शकतो आणि प्रत्येक हुकूम वेगळा समजतो. ढोलकीवरची बोटे, जात्याचा खुंटा धरलेला हात, नांगराच्या रुमण्यावरची मूठ, सगळ्यांचा ताल या झाडूवाल्याच्या भरवशावर चालतो.

फवारणीचे औषध काय करते?

आपण गावात त्याला औषध म्हणतो. पिकाच्या दृष्टीने ते औषध असेल; माणसाला ते विषच आहे.

जर्मनीतील गेरहार्ड श्रेडर या रसायनशास्त्रज्ञांनी १९३०च्या दशकात किडे मारण्यासाठी सेंद्रिय स्फुरदयुक्त रसायने शोधायला सुरुवात केली. आपण खतातून जे स्फुरद देतो त्याचा यात काही दोष नाही. विष आहे ते त्याच्या विशिष्ट जोडणीत. यांतली काही रसायने इतकी जहाल निघाली, की ती युद्धात वापरायचे विषारी वायू ठरली. काहींची कीटकनाशके झाली. क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस, क्विनॉलफॉस, मोनोक्रोटोफॉस ही नावे आपल्या ओळखीची आहेत. नावाच्या शेवटी ‘फॉस’ आले की हा गट समजावा. डायमेथोएट, ॲसिफेट आणि मॅलेथिऑन यांच्या नावात ‘फॉस’ नसले तरी तीही याच गटातली. कार्बोफ्युरान, मिथोमिल अशा कार्बामेट गटाचा मार्गही हाच. यांतल्या काहींवर सरकारने बंदी घातली आहे, काहींच्या वापरावर मर्यादा आहेत. पण माळ्यावर, गोठ्याच्या कोनाड्यात जुनी बाटली पडून असते, हे विसरू नये.

ही सारी विषे त्या झाडूवाल्याचे हात बांधतात. किड्याच्या मज्जासंस्थेत निरोप नेणारे रसायनही ॲसिटिलकोलिनच असते, म्हणून किडा मरतो. पण माणूस, बैल, कोंबडी आणि कुत्रा यांच्याही अंगात तोच नावाडी आणि तोच झाडूवाला आहे. विषाला किडा कोणता आणि धनी कोणता हे कळत नाही.

झाडूवाला अडकला की नावाडी फटीत साचत जातात. ज्या ग्रंथींना हाच नावाडी निरोप देतो त्यांना सारखा हुकूम मिळत राहतो. म्हणून तोंडाला लाळ सुटते, डोळ्यांतून पाणी येते, दरदरून घाम फुटतो, छातीत कफ दाटतो. पोटात कळा येतात, उलट्या-जुलाब होतात, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी बारीक होते आणि डोळ्यांपुढे अंधूक दिसते. हातापायाच्या स्नायूंत प्रथम फडफड सुरू होते. कातडीखाली किडे वळवळावेत तशी ती दिसते. मग तेच स्नायू गळून पडतात. पुष्कळांना याचे कोडे पडते, की हुकूम जास्त मिळाला तर स्नायू लुळा कसा पडतो? उत्तर सोपे आहे. कुलूप बंद झाल्याशिवाय पुन्हा उघडता येत नाही. दार सताड उघडे राहिले, तर ठोठावून उपयोग काय? स्नायूला मधला विसावा मिळत नाही आणि तो नवा निरोप घेईनासा होतो. श्वास ओढणारे स्नायूही याला अपवाद नाहीत. छातीत कफ आणि श्वासाचे स्नायू थकलेले, यात माणूस दगावतो.

२०१७च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने आजारी पडले आणि वीसहून अधिक जण दगावले. तेव्हा वापरलेल्या औषधांत सेंद्रिय स्फुरदयुक्त औषधेही होती. त्याआधी १९५८ साली केरळात पॅराथिऑन हे औषध गव्हाच्या पिठात मिसळले गेले आणि शंभरावर माणसे दगावली. १९६८चा कीटकनाशक कायदा या दुर्घटनेनंतरच झाला. ही माणसे निष्काळजी होती असे म्हणून चालणार नाही. रोजंदारीवर दुसऱ्याच्या रानात फवारायला जाणाऱ्या मजुराच्या हाती बाटलीवरची माहितीपत्रिका क्वचितच पडते. ज्याचे रान, त्याने ती त्याला वाचून दाखविणे, हातमोजे, तोंडाला आच्छादन आणि धुवायला साबण-पाणी देणे, हे त्याचे कर्तव्य आहे.

रोज थोडे थोडे

‘मी दहा वर्षे फवारतो, मला काही होत नाही,’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी एक हिशेब ध्यानात घ्यावा. विषाने निकामी केलेला झाडूवाला पुष्कळदा पुन्हा कामाला येत नाही. शरीराला नवा घडवावा लागतो. रक्तातल्या तांबड्या पेशींवर हाच विकर असतो आणि त्याची भर दिवसाला साधारण शेकडा एक या गतीने होते. म्हणजे आज दहा टक्के घटला, तर भरून यायला दहा-बारा दिवस लागतात. त्याआधीच उद्या, परवा, तेरवा फवारणी झाली, तर भांडे भरण्यापूर्वीच उपसले जाते. पहिले चार दिवस नुसती डोकेदुखी, मळमळ, थोडा अशक्तपणा. पाचव्या दिवशी तेवढ्याच फवारणीने माणूस कोसळतो आणि लोक म्हणतात, आजचे औषध फार कडक होते. औषध कालचेच असते. आतला साठा संपत आलेला असतो.

म्हणून एकाच माणसाला सलग दिवस फवारणीला जुंपू नये. पाळी बदलावी. डोके दुखू लागले, मळमळले, डोळ्यांपुढे अंधूक झाले, की त्या दिवशी पंप खाली ठेवावा. रक्तातला हा विकर मोजण्याची तपासणी मोठ्या रुग्णालयांत होते. सतत फवारणी करणाऱ्याने डॉक्टरांना त्याबद्दल जरूर विचारावे.

हे विष पोटात गेले तरच बाधते असे नाही. ते कातडीतून शिरते, श्वासातून शिरते. घामाने भिजलेल्या अंगात अधिक सहज शिरते. गळक्या पंपाने पाठ भिजली असेल, तर ते विष पाठीवर घेऊन दिवसभर फिरण्यासारखे आहे. तेव्हा पंप आधी साध्या पाण्याने तपासून घ्यावा. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये. उंच वाढलेल्या कपाशीत शिरून डोक्यावर तुषार घेऊ नयेत. अडकलेला नोझल तोंडाने फुंकू नये. हात धुतल्याशिवाय तंबाखू मळू नये, बिडी ओढू नये. दोन-तीन औषधे मनाने मिसळू नयेत. फवारणीचे कपडे घरातल्या माणसांच्या कपड्यांत टाकू नयेत. धुणारी बाई त्या विषाला उघड्या हातांनी भिडत असते. बाटलीवरचा त्रिकोण पाहावा. तांबडा अत्यंत विषारी, पिवळा त्याच्या खालोखाल, मग निळा आणि हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक असे नव्हे.

विषबाधा झाली तर

प्रथम माणसाला रानातून मोकळ्या हवेत आणावे. अंगावरचे सारे कपडे काढून साबण आणि भरपूर पाण्याने अंग, केस, नखे धुवावीत. धुणाऱ्याने हातमोजे घालावेत. नसतील तर हातांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवाव्यात. माणूस शुद्धीत नसेल तर कुशीवर निजवावा, म्हणजे लाळ व उलटी श्वासनळीत जाणार नाही. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि औषधाची बाटली किंवा तिच्यावरची माहितीपत्रिका बरोबर द्यावी. बाटली पाहिली की डॉक्टरांना उपाय ठरविणे सोपे जाते.

मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये. दूध, तूप, तेल, लिंबू पाजू नये. गुंगीत असलेल्या माणसाच्या तोंडात काहीही घालू नये.

दवाखान्यात ॲट्रोपिन देतात. ते लाळ, घाम आणि छातीतला कफ आटोक्यात आणते. पण हातापायाच्या आणि श्वासाच्या स्नायूंवरची कुलपे वेगळ्या जातीची असतात. त्यांच्यावर ॲट्रोपिनचा इलाज चालत नाही. म्हणून गरज पडली तर यंत्राने श्वास द्यावा लागतो. प्रॅलिडॉक्सिम नावाचे दुसरे औषध झाडूवाल्याचे बांधलेले हात सोडवू शकते, पण लवकर मिळाले तर. उशीर झाला की गाठ पक्की होते. पहिल्या तासाची किंमत यासाठीच मोठी. ॲट्रोपिन धोतऱ्यातही असते, हे ऐकून कोणी घरी धोतरा वाटून पाजण्याच्या भरीस पडेल. तसे मुळीच करू नये. धोतऱ्यात त्याचे प्रमाण झाडागणिक बदलते आणि ते स्वतःच जीवघेणे आहे.

आणखी एक गोष्ट घरच्यांनी गाठीशी बांधावी. दुसऱ्या दिवशी माणूस उठून बसतो, बोलतो आणि ‘आता बरा आहे, रान पडून आहे’ म्हणून घरची मंडळी त्याला घेऊन जायला निघतात. १९८७ साली श्रीलंकेतील डॉक्टरांनी दाखवून दिले, की विषबाधेनंतर एक ते चार दिवसांत, पहिली लक्षणे ओसरल्यावर, मानेचे आणि श्वासाचे स्नायू एकाएकी गळू शकतात. उशीवरून मान उचलता येईना, हे त्याचे पहिले चिन्ह. अशा वेळी माणूस दवाखान्यात असेल तर वाचतो. वाटेत किंवा घरी असेल तर हाती लागत नाही. डॉक्टर सोडतील तेव्हाच घरी आणावे. चार दिवसांची खुरपणी मागे पडली तरी चालेल.

जनावरांचेही असेच. फवारलेला बांध चरल्याने किंवा औषधाची बादली चाटल्याने गुराला लाळ सुटली, ते थरथरू लागले, पातळ हगू लागले, तर अंग धुऊन तत्काळ पशुवैद्यकाला बोलवावे. त्याच्याकडेही ॲट्रोपिनच असते.

नाग आणि मण्यार

नागाच्या विषातील एक घटक स्नायूच्या कुलपावर जाऊन बसतो. नावाडी येतो, पण त्याला कुलूप मोकळे सापडत नाही. मण्यारीचे विष अलीकडच्या काठावर, मज्जातंतूच्या टोकावरच घाव घालते. तेथून नावाडी निघतच नाहीत. शेवट दोन्हीकडे एकच. पापण्या जड होऊन मिटू लागतात, गिळता येत नाही, आवाज घोगरा होतो, श्वास मंदावतो. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश फारसा दुखत नाही, सूजही दिसत नाही. पहाटे पोटात दुखते म्हणून माणूस उठतो आणि पापण्या उघडत नाहीत. अशा माणसाला झोप आली आहे असे समजू नये. मांत्रिकाकडे न नेता सर्पविषावरची लस असलेल्या दवाखान्यात न्यावे. खाटेवर झोपणे आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचणे हा मण्यारीवरचा सगळ्यांत स्वस्त उपाय आहे.

येथे एक नवल सांगण्यासारखे आहे. नाग चावलेल्या रोग्याला डॉक्टर लसीबरोबर कधी निओस्टिग्मिन नावाचे इंजेक्शन देतात. तेही त्याच झाडूवाल्याला थोडा वेळ अडवते. त्यामुळे फटीत नावाडी वाढतात आणि विषाला बाजूला सारून कुलूप उघडतात. जे काम कीटकनाशक बेहिशेबी करते, तेच डॉक्टर मोजून-मापून करतो. विष आणि औषध यांत अंतर मात्रेचे आणि जाणत्या हाताचे.

व्यालेली गाय बसली तर

भरपूर दूध देणारी गाय व्याल्यावर एक-दोन दिवसांत लडखडते, बसते, मान कुशीकडे वळवून पडून राहते. कान आणि अंग थंड लागते. याला दुग्धज्वर म्हणतात, पण यात ताप नसतो. चिकाबरोबर अंगातले कॅल्शियम झपाट्याने बाहेर जाते आणि रक्तातले प्रमाण एकदम उतरते. मघाशी पाहिले, की कॅल्शियमशिवाय मज्जातंतूच्या टोकाच्या पिशव्या फुटत नाहीत. हुकूम येतो, नावाडी निघत नाही, आणि दणकट गाय उठू शकत नाही. पशुवैद्यक शिरेतून कॅल्शियम सावकाश देतो, तेव्हा पुष्कळ गाई पाहता पाहता उभ्या राहतात. घाईने दिले तर हृदय बंद पडू शकते, म्हणून हे काम घरी करण्याचे नव्हे. पडलेल्या गाईला नळीने किंवा बाटलीने काही पाजूही नये. गिळणारे स्नायूही सुस्त असतात आणि पाजलेले फुप्फुसात जाते. पशुवैद्यक येईपर्यंत तिला छातीवर बसती ठेवावी, दोन्ही बाजूंनी पेंढ्यांचा आधार द्यावा.

आपली सारी शेती शेवटी हातापायाच्या बळावर उभी आहे, आणि ते बळ डोळ्यांना न दिसणाऱ्या एका फटीतून रोज लाखो वेळा ये-जा करते. येत्या फवारणीच्या आधी एका संध्याकाळी घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसावे. माळ्यावरच्या बाटल्या मोजाव्यात, त्यांवरचे त्रिकोण मुलांना ओळखायला लावावेत, आणि १०८ हा आकडा व जवळच्या सरकारी दवाखान्याचे नाव फवारणी पंप ठेवतो त्या भिंतीवर ठळक लिहून ठेवावे. रानात माणूस कोसळला, तर हे वाचणारा घरात कोणीतरी असतोच.